पट्टीवरचा चारशे बारा

विजेवर चालणाऱ्या दुचाकीचं कुणी कौतुक करू लागलं की मी उठून आत जाते. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल नाही, हे सगळं मला पाठ आहे. दुकानदारानं ते बाबांसमोर इतक्या वेळा म्हटलं होतं, की पुढे बाबाच ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवायचे. मी हे चिडून सांगते आहे, हे आधीच कबूल करते. इतकी वर्षं झाली तरी माझा राग जागचा हललेला नाही, आणि हलावा असं मला वाटतही नाही.

बाबा बल्लारपूरकडच्या एका जमिनीखालच्या कोळसा खदानीत होते. मी लहान असताना वरून कोळसा बसला आणि त्यांचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला. मग त्यांना वर, दिव्याच्या खोलीत काम दिलं. खाली उतरणाऱ्याला टोकन पाहून डोक्याचा दिवा द्यायचा आणि पाळी संपली की परत घ्यायचा. त्या खिडकीशी ते रिटायर होईपर्यंत बसले.

खदानीत माणसाला नाव असतं ते पगाराच्या दिवशी. एरवी टोकनचा नंबर. बाबांचा चारशे बारा. कॉलनीत प्रत्येक वस्तूवर घरधन्याचा नंबर रंगवलेला असे: डब्यावर, खाली उतरताना डोक्यावर घालायच्या टोपावर, सायकलच्या मडगार्डवर, नळावर लावलेल्या बादलीवर. आई बाजारात गेली की ‘चारशे बाराची बाई’, आणि मी शाळेत ‘चारशे बाराची पोरगी’. मला त्या नंबराचा मनापासून तिटकारा होता. माझ्या पाटीच्या मागेसुद्धा तो होता, आणि मी तो नखानं खरवडायची.

पण त्या नंबराला तिथे मान होता. डबा कुणाचा, टोप कुणाचा, यावरून भांडण झालं की वस्तू दिव्याच्या खोलीच्या खिडकीत येई. बाबा ती दिव्याखाली धरत. चोरानं नंबर खरवडलेला असला तरी कुठेतरी एखाद्या आकड्याची रेघ राहिलेली असायची. तेवढी रेघ दिसली की निकाल लागला. ज्याचा आकडा, त्याची वस्तू. समोरचा कितीही दांडगा असो, तो मुकाट्यानं वस्तू ठेवून जाई. बाबांना लिहिता येत होतं ते सही आणि हे तीन आकडे एवढंच. त्यातल्या दोनाची शेपटी ते लांब ओढत, खाली नेऊन उजवीकडे वळवत. कॉलनीत तसा दोन दुसरा कुणी काढत नव्हतं.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. चंद्रपूरच्या रस्त्याला एका लेआऊटमध्ये आम्ही घर बांधलं. आई तोवर गेली होती, आणि मी शाळेत शिकवत होते. घर चांगलं झालं, पण बाबांचं सगळं जग खदानीच्या गेटावरच्या चहाच्या टपरीशी राहिलं. पाळी बदलायच्या वेळी जुनी माणसं तिथे जमत. खाली कोण उतरलं, पाणी किती आलं, कुठल्या फेसला, म्हणजे कोळसा तोडायच्या जागी, छत बोलतंय, हे तिथे बसून ऐकल्याशिवाय बाबांना जेवण जात नसे. सायकल चालवता येत नव्हती, कारण गुडघा वाकत नव्हता. स्कूटर घ्यावी तर लायसन मिळेना. एकदा अर्ज करायला गेलो होतो, तिथल्या साहेबानं पाय पाहिला आणि कागद परत ढकलला. ऑटो त्या बाजूला सवारी भरल्याशिवाय जात नसत, आणि भरल्यावर त्यात ताठ पायाच्या माणसाला कोण घेणार? बाबा ओसरीवर बसू लागले. बोलणं कमी झालं. मी शाळेतून आले की ते मला खदानीतली बातमी विचारत, जणू मी तिथूनच आले आहे.

म्हणून मी त्यांना चंद्रपूरच्या त्या दुकानात घेऊन गेले. तेव्हा या गाड्या नव्या होत्या. दोन हजार सातआठचा काळ असेल. काचेच्या मागे रांगेनं लाल, निळ्या, चंदेरी गाड्या उभ्या होत्या. दिसायला स्कूटर, पण खाली दोन बारकी पायडलं, लहान पोरांच्या तिचाकीला शोभतील अशी. दुकानदार पांढऱ्याशुभ्र सफारीत होता. त्यानं हँडलखाली, समोरच्या बाजूला, रिवेट मारलेली एक ॲल्युमिनियमची पट्टी दाखवली.

“हे पाहा भाऊ,” तो बाबांना म्हणाला, “कंपनीची पट्टी. अडीचशे वॅट, पंचवीसची स्पीड. सरकारचा नियमच आहे, याच्या आत असली का ते मोटारगाडी नाईच. सायकल आहे, सायकल. ना लायसन, ना पासिंग, ना टॅक्स. कोनी थांबवलं तं पट्टी दाखवाची, बस.”

मी वाकून पट्टी वाचली. अक्षरं कोरलेली होती, स्वच्छ होती. मी मास्तरीण आहे, छापलेल्यावर माझा विश्वास बसतो. बाबांनी मात्र पट्टीकडे पाहिलंही नाही. त्यांनी ताठ पाय पुढच्या फळीवर ठेवून पाहिला, तो बसला, आणि ते हसले. आई गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी प्रथमच पाहत होते. आम्ही निळी गाडी घेतली.

पुढचे काही महिने आमच्या घरात आनंद होता. बाबा सकाळी चार्जिंगची वायर काढून गाडी पुसत, दुपारच्या पाळीला टपरीवर जात आणि येताना बातम्यांचं गाठोडं घेऊन येत. मला खदानीतलं काही कळत नव्हतं, तरी मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची. त्यांचं जेवण वाढलं होतं.

आता खरी गोष्ट. गाडी टपरीबाहेर उभी राहायची, तिथे शंभर लोकांची जा-ये. बाबांच्या मते नंबर नसलेली वस्तू म्हणजे बेवारस वस्तू. त्यांनी एका रविवारी इनॅमलचे दोन डबे काढले, पांढरा आणि काळा. गाडी सगळी प्लास्टिकची. प्लास्टिकवर इनॅमल धरत नाही, दोन दिवसांत पापुद्रे निघतात, हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गाडीत सपाट धातू म्हणावा असा एकच तुकडा होता, हँडलखालची ती पट्टी. त्यांनी ती आधी पांढरी केली, आणि वाळल्यावर त्यावर काळ्यानं ४१२ काढला. दोनाची शेपटी ओढत ओढत रिवेटवर नेली. मी कपडे वाळत घालत होते, मी पाहिलं, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडच्या कुणालाच दिसलं नसतं. टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी तर ‘आता गाडी घरची झाली’ म्हणून चहा पाजला.

मग एके दिवशी दुपारी टपरीवाल्याचा फोन शाळेत आला. “बाई, बाबाले चौकात पकडलं. लौकर या.”

मी गेले तेव्हा बाबा उन्हात उभे होते. आमच्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. सावलीत खुर्ची टाकून आरटीओचा एक निरीक्षक बसला होता, कारण त्या दिवशी विजेच्या गाड्यांची तपासणी होती. एक वाहतूक हवालदार गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभा होता, जणू गाडी पळून जाईल.

“खोटी नंबरप्लेट,” हवालदार मला म्हणाला. “ना एमएच, ना जिल्हा, ना सिरीज. नुसतं चारशे बारा. आन तेबी मराठीत.”

“ती नंबरप्लेट नाही,” मी म्हटलं. “ही सायकल आहे. हिला नंबर लागतच नाही.”

“लागत नाई तं लिवला काऊन?”

“माहा टोकन नंबर आहे जी,” बाबा म्हणाले. किती वेळ ते हेच सांगत असावेत.

“सायकल आहे म्हन्ता ना?” हवालदार बाबांकडे वळला. “मंग पायडल मारून दाखवा. सायकलले पायडल मारता येते.”

मी बाबांकडे पाहिलं. ते खरंच पाय उचलू लागले होते. दोन्ही हातांनी मांडी धरून त्यांनी डावा पाय त्या बारक्या पायडलवर ठेवायचा प्रयत्न केला. गुडघा वाकला नाही, पाय घसरला, आणि ते गाडीसकट माझ्या अंगावर कलंडले. पानठेल्यावरची दोनचार माणसं हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हवालदाराला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेतल्या मुलांना कळलं असतं तर त्यांनी पुढे कधी माझं ऐकलं नसतं.

निरीक्षक उठून आला. तो शांत माणूस होता आणि त्याच्या शांतपणाचा मला आणखीच राग आला. “मॅडम, कंपनीची पट्टी कुठी आहे?” त्यानं विचारलं. “अडीचशे वॅटची पट्टी दिसली तर आपला प्रश्नच मिटला. ती दिसत नाई म्हनून तं ही गाडी थांबवली.”

“पट्टी त्या रंगाखाली आहे,” मी म्हटलं.

“मंग रंग पुसा.”

चौकाच्या कोपऱ्यावर नंबरप्लेट रंगवणारा एक पेंटर बसतो. त्याच्याकडून मी थिनर आणि चिंधी आणली. इतकं सोपं होतं तर! मला हायसं वाटलं, आणि मी पट्टीवर चिंधी टेकवणार एवढ्यात बाबांनी ती माझ्या हातातून घेतली.

“माहा आहे,” ते म्हणाले. “मीच पुसतो.”

त्यांनी आधी चार पुसला, मग एक. दोनापाशी ते जरा थांबले, मग तोही पुसला. काळं-पांढरं मिसळून चिंधीवर राख पसरल्यासारखं झालं आणि खालून कंपनीची अक्षरं वर आली. अडीचशे वॅट, पंचवीसची स्पीड. मी हवालदाराकडे असं पाहिलं की बस्स.

“पट्टी बरोबर आहे,” निरीक्षक म्हणाला. मग तो गाडीवर बसला. “एक चक्कर मारून पाहतो.”

तो रेल्वेच्या पुलाचा चढ चढून परत आला. उतरला, बाबांच्या हातातली ती चिंधी मागून घेतली आणि मागच्या चाकापाशी खाली बसला. या गाड्यांची मोटार चाकाच्या मधोमध असते. तिच्यावर आमच्या रस्त्यांवरची कोळशाची मळी घट्ट बसली होती. ती त्यानं घासून काढली.

“या इकडे, मॅडम. वाचा.”

चाकाच्या लोखंडात आकडा ठोकलेला होता. पाचशे.

“पट्टी अडीचशेची, मोटार पाचशेची,” तो म्हणाला. “दुकानदारानं लावली का कंपनीनं, मले नाई माहीत. पन हे सायकल नाई. ही मोटारगाडी आहे. पासिंग पाह्यजे, लायसन पाह्यजे. लायसन आहे यांच्यापाशी?”

 बाबांनी नकारार्थी मान हलवली. 

“मग त्या दुकानदाराला पकडा की,” मी म्हटलं. “दुकान चंद्रपुरात आहे, मी पत्ता देते. रांगेनं उभ्या आहेत तिथे अशा.”

“दुकानाची तपासनी येगळी असते,” निरीक्षक म्हणाला. “आज रस्त्यावरची आहे.”

गाडी त्यांनी जप्त करून तिथेच ठेवली. आम्ही ऑटोनं घरी आलो. बाबांचा ताठ पाय ऑटोच्या बाहेर होता, आणि वाटेत ऑटोवाला दोनदा म्हणाला, “पाय आत घ्या ना जी.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून दुकानात गेले. सफारीवाला काचेमागच्या गाड्या पुसवून घेत होता. माझं सगळं ऐकून त्यानं हात झटकले. “आमी काय पट्टी घरी बनवतो का? कंपनीकडून आली तशी देली.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

त्यानं आवाज खाली आणला. “मॅडम, खरं सांगू का? तुमच्या बाबानं पट्टीवर रंग नसता लावला, तं कोनी चाक पाह्यलंच नसतं. इतक्या गाड्या चालून राह्यल्या. एक नाई पकडली.”

या वाक्याचा मला इतका राग आला, याचं कारण ते खरं होतं. त्याच्या खोट्या पट्टीला कुणाचं काही म्हणणं नव्हतं. गुन्हा एकच झाला होता, एका म्हाताऱ्यानं स्वतःचा खरा नंबर लिहिला होता. मी दुकानाच्या दारात उभी राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगू लागले, चाक पाहा, पट्टी पाहू नका, चाक पाहा. दुपारपर्यंत त्यानं माझे पैसे काढून दिले आणि गाडी आपण सोडवून घेऊ म्हणाला. ती त्यानं कशी सोडवली ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, मला फक्त ते दुकान डोळ्यांसमोरून जायला हवं होतं.

बाबा पुन्हा ओसरीवर आले. मी म्हटलं, दुसरी पाहू, खरी अडीचशेची. पण खरी कोणती हे सांगणार कोण? सगळ्यांवर पट्ट्या होत्या. शिवाय पेंटरकडूनच कळलं, की खऱ्या अडीचशेच्या गाडीला रेल्वेच्या पुलाचा चढ झेपत नाही, मध्येच उतरून ढकलावी लागते. बाबा ढकलणार कशी? टपरीवरची दोघं एकदा भेटायला आली, चहा घेऊन गेली. त्यांचेही गुडघे, त्यांचाही दम. पुढे कुणी आलं नाही. बाबांनी खदानीची बातमी विचारणं सोडलं. मी आपणहून टपरीवाल्याला फोन करून काहीबाही विचारून ठेवायची आणि संध्याकाळी सांगायची, तर ते नुसती मान हलवत. जेवण पुन्हा अर्ध्यावर आलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. त्याच चौकात मी ऑटोची वाट पाहत उभी होते. तोच हवालदार. एक कॉलेजातली पोरगी विजेच्या निळ्या गाडीवर आली आणि त्यानं हात दाखवून तिला थांबवलं. निळ्या गाड्या बऱ्याच होत्या, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. हवालदार वाकला, हँडलखालची पट्टी बोट फिरवून वाचली आणि म्हणाला, “जा.”

पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात, रिवेटच्या कडेला, काळी रेघ होती. खाली येऊन उजवीकडे वळलेली. रिवेटच्या खाचेत थिनर पोचला नव्हता.

मी धावले. पोरीचं हँडल धरलं. “ही पट्टी खोटी आहे,” मी हवालदाराला म्हटलं. “ही आमचीच गाडी. तुम्हीच पकडली होती. चाकावर पाहा, पाचशे आहे.”

त्यानं मला ओळखलं. ओळखल्याचं त्याच्या तोंडावर दिसलं. “पट्टी आहे ना?” तो म्हणाला.

“आहे, पण…”

“मंग झालं. आमाले पट्टी पाहाचा हुकूम आहे. चाक पाहाचा नाई. सोडा मॅडम, ट्रॅफिक अडून राह्यलं.”

“नवीनच घेतली आहे जी काकू,” पोरगी घाबरून म्हणाली. “शोरूममधून.” तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मी हात काढला. ती पुलाच्या चढावर सरसर निघून गेली. खरं सांगते, त्या चढावर ती गाडी काय सुंदर चालायची.

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवरच होते. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. दुकानदार, हवालदार, ती पोरगी, माझी शिव्यांची लाखोली. ते रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, ऐकतच नाहीत.

“नंबर पुरा गेला का?” त्यांनी एकदम विचारलं.

“काय?”

“माहा नंबर. पुरा पुसला गेला का?”

“नाही,” मी म्हटलं. “दोनाची शेपटी आहे. रिवेटपाशी.”

बाबा सावरून बसले. दोन्ही हातांनी ताठ पाय उचलून त्यांनी सरळ ठेवला, दिव्याच्या खोलीत कुणाची वस्तू हातात घेण्याआधी ठेवत तसा. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज स्वच्छ आला.

“मंग गाडी माहीच आहे,” ते म्हणाले. “जा माय, सांग त्याईले. घेऊन ये.”